न पडलेला भुसा

१

मशीन नवं कोरं होतं, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर लोक म्हणतात, भंगारातून आणलं असेल, कुणाची तरी बोटं गेली असतील त्यावर, कुणाचा तळतळाट लागला असेल. डोंबल लागला. खोक्यातून मी स्वतः बाहेर काढलं. त्याचा थर्माकोल अजून शेडमागं पडलाय.

जन्मभर डेअरीच्या गाडीवर दुधाचे कॅन चढवले, त्यात उजवा खांदा गेला. लाकडाचा नाद पहिल्यापासून. पण हातकरवत ओढली की रात्रभर खांदा ठणकायचा. शेवटी बायकोच म्हणाली, ते पट्ट्याचं मशीन घेऊन टाका एकदाचं, तुमच्या कण्हण्यानं मला झोप नाही. ती शिवणकाम करते. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. जमिनीवर बसून कापड कापते आणि उठताना गुडघे धरून, भिंत धरून, मला शिव्या देत उठते. तिला उभ्यानं कापड कापता येईल असं लांबरुंद टेबल करायचं, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. बांधावरची बाभूळ वाऱ्यानं पडलेली. तिचे ओंडके वाळवून ठेवलेलेच होते. म्हणजे मशीन घेतलं ते तिच्यासाठी. बाकी काय विसरायचं ते विसरा, हे विसरू नका.

बँडसॉ म्हणजे काही मोठं शास्त्र नाही. वर एक चाक, खाली एक चाक, दोघांवरून फिरणारा दात्यांचा पट्टा. मधे टेबल. लाकूड टेबलावर ठेवून ढकलायचं, पट्टा वरून खाली जातो, कापत जातो. दुकानात तीन ठेवले होते. दुकानदार सगळ्यात मोठं माझ्या गळ्यात मारायला लागला. मी प्रत्येकाचं चाक हातानं फिरवून बघितलं. लहान मशीनचं टेबल पत्र्याचं, अंगठ्यानं दाबलं तर दबतंय. मोठं माझ्या शेडच्या दारातून आत जाणार नाही. मधलं घेतलं. बायकोनं त्यावर टिचक्या मारून बघितल्या, मडकं घेतल्यासारख्या.

दुकानदार म्हणाला, पहिल्यांदाच घेताय, आमचा फिटर येऊन पातं बसवून देईल. फुकट होतं ते. पण तो ज्या तोंडानं म्हणाला ना, त्यानं माझं डोकं सटकलं. मी काय दुधखुळा आहे का, म्हणलं. तेवढ्यात मागून बारीक शिट्टी आली. बायकोच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. मी तापलो की ती त्या फटीतून शिट्टी घालते आणि म्हणते, कुकर झाला, गॅस बंद करा. दुकानदार हसला. मी गप्प झालो, पण फिटर काही घेतला नाही.

२

शेड म्हणजे पूर्वीची कडब्याची खोली. एक खिडकी, एक बल्ब, फरशी मी स्वतः घातलेली, म्हणजे वाकडी. मशीन हलू नये म्हणून पायाखाली पाचरी मारल्या. टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवून मोटर चालू केली. पाणी थरथरलं, सांडलं नाही. तेवढं बास.

पातं गुंडाळून, तारेनं बांधून येतं. तार कापली तशी गुंडाळी सापासारखी फटकन उघडली. मी मागं उडी मारली ती थेट बादलीत. दारात बायको उभी होती, ती हसून हसून खालीच बसली.

पातं चाकांवर चढवलं. दाते माझ्याकडं. एवढं कुणालाही कळतं. वरची मूठ फिरवून ताण दिला, बोटानं छेडून आवाज ऐकला. चाक हातानं फिरवलं तर पट्टा पुढं पुढं सरकायचा. मागचा स्क्रू पिळून पिळून त्याला मधोमध आणला. पात्याला दोन्ही बाजूंनी आधार द्यायला छोट्या बेअरिंग असतात. त्या पात्यापासून कागदाच्या जाडीएवढ्या लांब ठेवायच्या. कागद म्हणून मशीनबरोबर आलेल्या पुस्तकाचं पान फाडलं. पुस्तकात चित्रं होती. मला चित्रं बघायची गरज नव्हती. टेबल काटकोनात आहे का हे बघायला बायकोचा शिवणाचा गुण्या घेतला, त्यावरून ती पुटपुटली.

मग ओंडका लावला.

बाभूळ म्हणजे लोखंड. हातकरवतीला घाम फोडते. ते लाकूड पात्यात असं गेलं की मला वाटलं, मी काही ढकलतच नाहीये. मोटरची घरघर होती. पण कापल्याचा आवाज लाकडाचा नव्हता. कापड फाडल्यावर येतो तसा, लांब आणि मऊ.

फळी वेगळी झाली. गुळगुळीत. मी खूश होऊन झाडू आणला. झाडायला काही नव्हतं.

३

करवत म्हणजे भुसा. आंघोळ म्हणजे पाणी, तसं. फरशी कोरडी ठक्क. मशीनचं खालचं दार उघडलं, आत भुसा साचतो म्हणे, तर आत चकचकीत. मागं पिशवी लावली होती ती लोंबत होती. मला वाटलं, भारी मशीन आहे, सगळं ओढून घेतं. पण ओढून घेऊन ठेवतं कुठं?

बायकोला हे सांगितलं तर तिनं शिलाई थांबवली. ती म्हणाली, "माझी कात्री काही खात नाही. दोन तुकडे जोडले की होतं तेवढंच कापड. पण करवत खाते. स्वतःच्या जाडीएवढं तरी खातेच. मग तुमच्या मशीननं खाल्लेलं गेलं कुठं?"

ती टेप घेऊन शेडमध्ये आली. ओंडक्याची जाडी कापायच्या आधीच मी खडूनं त्याच्यावर लिहून ठेवली होती. दोन्ही तुकडे जोडून मोजले. पात्याच्या जाडीएवढं कमी भरायला पाहिजे होतं. तेवढंच जास्त भरलं.

मी म्हणलं तुझी टेप ताणलीय. ती म्हणाली टेप जुनी आहे, लबाड नाही. मी लोखंडी पट्टी लावली. तेच. मग मी म्हणलं, वाळलेलं लाकूड आतून दबलेलं असतं, कापलं की मोकळं होऊन फुगत असेल. असं काही असतं का मला माहीत नाही. पण बोलल्यावर बरं वाटलं. घातलं त्याच्यापेक्षा जास्त मिळतंय, तर आपण कशाला तोंड वाकडं करायचं?

बायको मात्र त्या दोन तुकड्यांच्या मधल्या रेषेवर बोट फिरवत उभी राहिली. "एवढं मधलं कुठून आलं पण," एवढंच म्हणाली, आणि गेली.

४

आमचा एक नेम आहे. मी शेडमधून आलो की ती माझे हात बघते. कुठंतरी कुसळ घुसलेलं असतंच. ती चष्मा लावते, सुईनं ते काढते, उजेडात धरते आणि ओळखते: निलगिरी, बाभूळ, खोक्याची फळी. मग नखानं उडवून देते. वास घेतला की चुकत नाही. एकदा मी मुद्दाम झाडूची काडी टोचून गेलो होतो. तिनं काढली, हुंगली आणि झाडू घेऊनच माझ्या मागं लागली.

त्या दिवशी कुसळ काढून झालं आणि ती परत शिलाईला बसली. शिवताना दोरा दातांच्या फटीत धरून झटका द्यायचा आणि तोडायचा, ही तिची जुनी सवय. तिनं दोरा तोंडाशी नेला. थांबली. परत नेला. बोटानं दात चाचपले.

"जाईना," म्हणाली.

मी बघितलं. फट नव्हती. दोन दात एकमेकांना चिकटून, कुणी नीट बसवल्यासारखे. वयानं दात सरकतात, मी म्हणलं. तीही म्हणाली, सरकत असतील. कात्रीनं दोरा कापला. मग शिट्टी घालून बघितली, नुसती हवा आली. आता तुम्हाला आवरायचं कसं, म्हणून हसली.

मी पण हसलो. पण तिच्या हसण्यात काहीतरी चुकत होतं, आणि काय चुकतंय ते मला सापडेना. आपल्याच घरातली एखादी वस्तू कुणी जरा सरकवून ठेवावी तसं.

५

टेबलाला फळ्या बऱ्याच लागणार होत्या. मी कापत गेलो. लाकूड वाढत गेलं. फळ्यांची थप्पी भिंतीला लावली, तर मूळ ओंडक्यांपेक्षा ती उघड उघड मोठी. फरशी रोज स्वच्छ.

घरात चष्म्याचं सुरू झालं. बायको म्हणायला लागली, चष्मा नाकावर बसत नाही, घसरतो, मधोमध बघायला गेलं की काचेची कडच दिसते. चष्मेवाल्यानं दांड्या आवळल्या. परत तेच. तो म्हणाला, बाई, फ्रेम तुमच्या मापाची नाही, मोठी आहे. ती गेली कित्येक वर्षं तीच फ्रेम घालते. मी त्याला दुकानातच झापला.

घरी आल्यावर तिला उजेडात बसवलं. म्हणलं, माझ्याकडं बघ.

तिच्या दोन भुवयांच्या बरोबर मधे एक तीळ. लग्नात मी पहिल्यांदा तोच बघितला होता, कारण बाकी तोंड वर करतच नव्हती. तीळ नव्हता. भुवया एकमेकींना भिडल्या होत्या. डोळे जवळ आले होते. तिचेच डोळे, तिचंच नाक, सगळं तिचंच, पण मधोमधची एक पट्टी कुणीतरी काढून घेऊन दोन्ही बाजू जोडल्यासारख्या.

"काय बघताय असं?" ती म्हणाली.

"काही नाही. बारीक झालीस."

मला राग आला होता. कुणावर राग, तेच कळत नव्हतं. आणि राग काढायला माणूस सापडला नाही की मी शेडमध्ये जातो. तसाच गेलो. आणखी फळ्या कापल्या. एवढी अक्कल.

६

बायकोचा भाऊ मोटर मेकॅनिक आहे. तोंडात कायम काडी, बोलणं तिरकं. त्याला मी बोलावलं ते बहिणीकडं बघायला, पण तोंडानं सांगता येईना. म्हणून म्हणलं, नवं मशीन बघून जा.

त्यानं ताईला हाक मारली, ती स्वयंपाकघरातूनच ओ म्हणाली, आणि आम्ही शेडमध्ये गेलो. त्यानं मशीनकडं बघितलं आणि तोंडातली काडी काढली.

"दाजी, पातं उलटं आहे."

मी म्हणलं दाते पुढंच आहेत, डोळे तपास. तो म्हणाला, "दाते पुढं आहेत, पण टोकं वर आहेत. पट्टा खाली जातो, मग टोकं खाली पाहिजेत. पातं आतलं बाहेर झालंय. ताई कापड उलटं शिवते का कधी? असं पातं नुसतं घासतं. यानं काकडी कापायची नाही."

मी त्याला थप्पी दाखवली. तो म्हणाला, या फळ्या तुम्ही मिलमधून आणल्या. झालं. मी तिथंच मोटर चालू केली, फळी घेतली आणि लावली पात्याला. गेली सर्रकन. तोच कापड फाडल्याचा आवाज. मेहुणा खाली वाकून बघत होता, भुसा कुठून पडतो ते. पडत नव्हता.

आणि घरातून बायको ओरडली. मोठ्यानं नाही. ठेच लागल्यावर ओरडतात तेवढंच.

मी फळी ढकलायचा थांबलो. ओरडणं थांबलं. का ते मला माहीत नाही, हातानंच केलं असेल, मी फळी आणखी बोटभर पुढं सारली. परत आवाज आला.

मोटर बंद करून धावलो. ती खुर्चीवर बसलेली, चष्मा पडलेला, दोन्ही हात कपाळाच्या मधोमध दाबून धरलेले. काही नाही, म्हणाली, कळ आली, गेली. भावाकडं तोंड वर करून हसली. मेहुणा तिच्या तोंडाकडं बघत राहिला. मग मला म्हणाला, दाजी, ते पातं आधी सुलटं करा. चहा न घेताच गेला. गाडी चालू करताना किल्ली हातातून पडली त्याच्या.

७

पातं सुलटं करणं सोपं आहे. चाकांवरून काढायचं, दोन्ही हातांत धरायचं आणि पिशवी आतली बाहेर करतात तसं पिळून उलटायचं. टोकं खाली आली. परत ताण दिला, परत मधोमध आणलं.

एक फळी लावली. खर्रर्र असा आवाज आला, लाकडाचा, कानाला त्रास देणारा, खरा आवाज. आणि भुसा. तांबूस, गरम भुसा फरशीवर, चपलेवर, मिशीत. मी येड्यासारखा हसायला लागलो. घरातून कुणी ओरडलं नाही.

आत गेलो. म्हणलं, दोरा तोडून दाखव. ती म्हणाली, आता हे काय नवीन. पण तिनं दोरा दातांत धरला. गेला. अगदी बारीक फट, पण गेला. झटका दिला, तुटला.

मला वाटलं, हिशोब कळला. उलट्या पात्यानं जे घेतलं ते सुलट्या पात्यानं परत जातंय. बस, जेवढं घेतलं तेवढं परत करायचं. फळ्या गेल्या खड्ड्यात. थप्पीतली एकेक फळी काढून मी चिरायला लागलो, पातळ, आणखी पातळ. भुशाचे ढीग झाले. अधूनमधून आत जाऊन तिच्याकडं बघून यायचो. भुवया सुट्या झाल्या. डोळे जागेवर आले. चष्मा बसला. शिट्टी आली. मी दारात उभा राहून ती शिट्टी ऐकली आणि, खोटं कशाला बोलू, रडलो.

तीळ काही आला नाही. तिथली जागा नुसती रिकामी होती, साफ. येईल, म्हणलं. म्हणून आणखी एक फळी चिरली. मग आणखी एक. कुठं थांबायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. तिची मधली मापं कुठं लिहून ठेवली होती मी? ओंडक्याची तेवढी खडूनं लिहिली होती.

८

टेबल झालंच नाही. बाभळीच्या नुसत्या पट्ट्या उरल्यात, चूल पेटवायच्या लायकीच्या. पातं मी काढून खिळ्याला टांगलंय. ते परत उलटं लावावं का, हाच विचार डोक्यात. उलटं लावलं तर ते मधलंच घेईल, हे खरं. पण आता मधे जे आहे ते घेईल, का तिचं जे उरलंय ते? मेहुण्याला विचारलं. तो म्हणाला, दाजी, मला त्यातलं विचारू नका.

ती बरी आहे. खाते, शिवते, मला बोलते. फक्त डोकं जड वाटतं म्हणते. शिट्टी घालते, पण ती आता जरा घोगरी येते, दाराच्या फटीतून वारं आल्यासारखी.

आज दुपारी ती खिडकीत बसून हेम घालत होती. मान खाली. मी मागून आलो. तिच्या केसांचा भांग नेहमी दोऱ्यासारखा बारीक. तो बोटभर रुंद झाला होता. मला वाटलं केस गळतायत. जवळ गेलो. भांगातली कातडी तांबूस होती आणि त्यात कपाळापासून मागपर्यंत बारीक बारीक उभ्या रेषा होत्या. मी त्या रेषा ओळखतो. रोज हाताखालून जातात माझ्या.

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पुसून जातील असं वाटलं असेल मला. माहीत नाही.

"काय आज एवढं लाडात?" ती म्हणाली, मान वर न करता.

मी हात झटकन मागं घेतला. बोटात कळ गेली. तिनं ते बघितलं, कारण ती माझे हात बघतेच. दाखवा, म्हणाली. मी नको म्हणलं. तिनं मनगट धरून बोट ओढून घेतलं, चष्मा वर सरकवला आणि सुई घातली. वाकून काम करत होती, तो भांग माझ्या तोंडासमोर. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

कुसळ निघालं. तिनं उजेडात धरलं, वास घेतला.

"बाभूळ," म्हणाली.

मी हो म्हणलं.

"पण आज तर तुम्ही शेडमध्ये गेलाच नाही."

ती ते कुसळ हुंगत राहिली. मग तिनं ते नखानं उडवून दिलं नाही. टाचण्यांच्या गादीत, टाचण्यांच्या शेजारी खोचून ठेवलं, आणि दोरा दातांत धरला.